अट आणि विजार

एखाद्या गोष्टीला नाही म्हणायचं असेल आणि तसं म्हणायची छाती नसेल, तर माणसाने अट घालावी, हे मी कचेरीतल्या बावीस वर्षांत शिकलो. अर्जावर ‘नामंजूर’ लिहिलं की अर्जदार भांडतो, अपिलात जातो, क्वचित रडतोही. त्याऐवजी ‘अमुक दाखला हजर केल्यास हरकत नाही’ असं लिहून दिलं, तर तो हात जोडून आभार मानतो आणि दाखला शोधण्यात त्याची दोन वर्षं सुखाने जातात. मी अव्वल कारकून आहे. या हातांनी मी अशा किती अटी घातल्या असतील, त्याची गणती नाही.

मात्र हे शहाणपण घरी वापरू नये. हे मला सदुसष्ट सालच्या जानेवारीत कळलं, आणि कळलं तेव्हा निम्मं पालघर तिथे हजर होतं.

वर्षाच्या पहिल्याच दिवशी, रविवारी सकाळी, शाळेतल्या खेळाच्या वत्सलाबाई आमच्या घरी आल्या. आमची नलू तेव्हा दहावीत होती. ती खो-खो खेळते हे मला तिच्या गुडघ्यांवरून माहीत होतं. ताजी जखम असली की सामना काल झाला, खपली असली की गेल्या आठवड्यात. बाईंनी सांगितलं की जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड यंदा पालघरच्या मैदानावर बावीस तारखेला आहे, आणि नलूचं नाव शाळेने पाठवायचं ठरवलं आहे. फक्त वडिलांची संमती हवी.

“पोशाख?” मी विचारलं. कागद वाचल्याशिवाय सही करायची माझी पद्धत नाही.

“आतापर्यंत मुली स्कर्टवर खेळत होत्या. खांबाशी वळताना तो अडकतो. म्हणून यंदापासून चड्डी.”

दाराआड नलू उभी होती, हे तिच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. स्वयंपाकघरातला पोळ्यांचा आवाज थांबला, म्हणजे हीसुद्धा ऐकत होती. नाही म्हटलं असतं तर दोघींनी मिळून आठ दिवस मला आमटीत मीठ कमी घातलं असतं. हो म्हटलं असतं तर माझी मुलगी मांड्या उघड्या टाकून, कचेरीतल्या शिपायासकट सगळ्या गावासमोर धावली असती. मी पेन उघडलं आणि संमतिपत्रावर वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मुलीचे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्णपणे झाकलेले राहतील, या अटीवर हरकत नाही.’ खाली सही, तारीख. मग निश्चिंत मनाने चहा प्यायलो, कारण पाय झाकतं आणि तरी मुलीला पळू देतं असं वस्त्र पालघर तालुक्यात नव्हतं.

बाईंनी कागद दोनदा वाचला.

“चालेल की,” त्या म्हणाल्या. “चड्डीच्या आत काय घालायचं याबद्दल नियमात काहीच नाही. फक्त ते तंग हवं, कुणाच्या हातात येता कामा नये. टिकाऊ हवं. आणि बोचता कामा नये, पोरीला उकिडवं बसायचं असतं. तेवढं तुम्ही बघा, भाऊसाहेब.”

त्या गेल्यावर ही बाहेर आली. हातात लाटणं होतं. “तुम्ही लिहून दिलंयत,” ती म्हणाली, “आता आणा.”

आमच्या शेजारच्या रत्नाबाईंना सल्ला विचारावा लागत नाही. त्यांची आणि आमची ओटी एकच आहे आणि मधला कूड कमरेइतका. दुपारपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं, किंबहुना माझ्याआधी कळलं असावं. “त्यात काय एवढं? चुडीदार शिवा,” त्या म्हणाल्या. “माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाने घातला होता. पायाला असा बसला होता की रात्री काढायला तिघे लागले.” तंगपणाबद्दल यापेक्षा मोठी शिफारस कुठली असणार! संध्याकाळी मी नलूला घेऊन आत्माराम शिंप्याकडे गेलो.

आत्मारामचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर, फळीवर. मी काम सांगितलं. त्याने टेप गळ्यातून काढली आणि परत गळ्यात घातली.

“मुलीच्या पायाचं माप आमी घेत नाय, भाऊसाहेब. तीस वर्सं दुकान हाय. पोलकं बी जुन्या पोलक्यावरनं शिवतो.”

“मग घरी हिच्या आईला घ्यायला सांगतो.”

“घरचं माप म्हंजे घरचं घड्याळ. कदी पुडं, कदी मागं.” त्याने नलूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा नलूकडे, नजर पायांपाशी आली की वळवायची असा शिष्टाचार पाळत. “उंची एकच हाय. चाल बी तीच. पोरीनं पाय बापाचे घेतल्यान. तुमी या वर.”

मी फळीवर चढलो. पँट मांडीपर्यंत गुंडाळावी लागली. एके काळी आत्मारामकडे मापं लिहून घेणारा एक माणूस होता. तो सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली होती, पण आत्मारामची मापं पुकारायची सवय गेली नव्हती. “मांडी साडेएकोनीस!” तो रस्त्याकडे तोंड करून ओरडला, मग टेप ठेवून स्वतःच वहीत लिहिलं. “पोटरी तेरा!” पुन्हा वही. समोर भाजी घेणारी मंडळी थांबून ऐकत होती. एकाने जाताना “कमी हाय” असा शेराही मारला. दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्या शिपायाने पाण्याचा पेला ठेवता ठेवता अदबीने विचारलं, “भाऊसाहेब, तेरा म्हणजे फुगवून की साधी?”

चुडीदार चार दिवसांत झाला. पण टिकाऊपणा कसा ठरवायचा? नलूने खांबावर झेप घेतल्यावर ठरण्यापेक्षा आधी ठरलेला बरा, असं म्हणत आत्मारामने मलाच तो घालून बघायला सांगितलं. माप तुमचं आहे, त्याने मुद्दा मांडला, आणि मुद्दा बिनतोड होता. मी कापडाच्या पडद्यामागे तो चढवला, त्यात पाव तास गेला, आणि बाहेर येऊन खो-खोतल्या खेळाडूसारखा उकिडवा बसलो. आवाज कसा झाला ते लिहीत नाही. दुकानात एक बाई पोलकं न्यायला आल्या होत्या, त्या पोलकं न घेताच गेल्या.

“कापड वंगाळ नाय,” आत्माराम माझ्या मागे उभा राहून नुकसान पाहत म्हणाला. “चुडीदार हा उभ्या मानसाचा कपडा. बसनं चुकलं.”

इथे मी थांबू शकलो असतो. अट पुरी होत नाही, सबब संमती नाही, इतकं सरळ होतं. पण घरी गेलो तर नलू परसात एकटीच खांब समजून पेरूच्या झाडाला वळसे घेत होती. मला पाहून थांबली आणि म्हणाली, “मिळेल ना, बाबा?” मी म्हटलं, “बघू.” कचेरीत हाच शब्द मी दिवसातून वीस वेळा वापरतो, पण तिथे समोरचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. नलूने ठेवला. पुन्हा झाडाकडे धावली. त्या दिवसापासून शोध माझा झाला.

हिचा धाकटा भाऊ देवू तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ड्रायव्हर होता. तिथे परदेशी इंजिनियरांची वसाहत होती आणि देवू त्यांच्या बायकांना बोईसरच्या बाजारात नेआण करायचा, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्याला मत होतं. “भावोजी, तुम्ही कुठल्या युगात आहात?” तो म्हणाला. “आमच्या मॅडम सकाळी व्हरांड्यात व्यायाम करतात. काळी विजार असते. पायमोजाच, पण कमरेपर्यंत. नायलॉनची. ओढली की ताणते, सोडली की परत जागेवर.” आणि पुढच्या रविवारी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विजारी माझ्या पुढ्यात ठेवल्या. मुलीला खेळायला हवी म्हटल्यावर मॅडमनी वापरलेल्या दोन काढून दिल्या होत्या, आनंदाने, वर नलूला शुभेच्छा सांगितल्या होत्या.

मला मात्र घाम फुटला. सरकारी नोकराने परदेशी व्यक्तीकडून भेट घेतली तर ती वरिष्ठांना कळवावी लागते. लोक म्हणतात असले नियम कुणी पाळत नाही. मी पाळतो. सोमवारी सकाळी मी मामलेदारसाहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. विषय: ‘परदेशी महिलेकडून वापरलेल्या दोन विजारी भेट मिळाल्याबाबत.’

निवडणूक महिन्यावर आली होती. मतदारयाद्या, पेट्या, लाख, सुतळी यांच्या ढिगात साहेब बुडालेले होते. माझा अर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधी आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदीला, गेला, तिथे मोठ्याने वाचला गेला, मग रेकॉर्डरूममध्ये, मग कुठल्याशा चुकीने निवडणुकीच्या टेबलावर. बुधवारी तो शेरा घेऊन परत आला: ‘सदर वस्तू कार्यालयीन कामाशी निगडित आहेत काय?’ मी लिहिलं, ‘नाहीत.’ शुक्रवारी पुन्हा आला: ‘मग कोण वापरणार?’ मी लिहिलं, ‘मुलगी. चाचणीपुरता मी.’ हे शेवटचे दोन शब्द लिहायची गरज नव्हती. पण अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही. शनिवारी साहेबांनी सही केली: ‘वाचले. चाचणीचा निष्कर्ष कळवावा.’ तो विनोद होता की आदेश, हे त्यांच्या अक्षरावरून ठरवता येईना.

चाचणीबद्दल सांगतो. मॅडम सहा फूट उंच होत्या. आत्मारामने वहीतलं माझं माप काढून दोन्ही विजारी त्याबरहुकूम कापल्या आणि शिवल्या. एक नलूला दिली. दुसरी राखून ठेवायची, पण तीही टिकते का, विटते का, बोचते का, हे कुणीतरी पाहायला हवं होतं. ही म्हणाली, “मी नाही.” म्हणून ती मी पँटच्या आत घालून आठ दिवस कचेरीत जायचं ठरलं. मी एक छोटी वही केली. पहिला दिवस: चालताना वेगळं वाटतं. दुसरा दिवस: खाज नाही. तिसरा दिवस: धुतल्यावर दोन तासांत वाळली. चौथा दिवस: सकाळच्या गारठ्यात कचेरीत सगळ्यांचे पाय टेबलाखाली आखडलेले, माझे नाहीत. पाचव्या दिवसापासून उजव्या गुडघ्याची जी कळ मला सात वर्षं छळत होती, ती बेपत्ता झाली. आठव्या दिवशी मी निष्कर्ष लिहिला, ‘समाधानकारक’, आणि चाचणी संपली.

विजार वापरणं तेवढं संपलं नाही. चाचणीची मुदत मी स्वतःच्या अधिकारात वाढवली. त्याची नोंद कुठे केली नाही, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत नोंद न केलेलं माझं हे एकच कृत्य.

नलूची विजार मात्र दुसऱ्याच दिवशी गुडघ्यावर गेली. नायलॉनचा एक धागा सुटला की तो एकटा जात नाही, घोट्यापर्यंत सगळे भाऊबंद घेऊन जातो. रत्नाबाईंनी नखाला लावायचं पॉलिश सुचवलं, मग मेण, मग नवस. उपाय निघाला तो कचेरीतच. पालघरजवळच्या माहीमचा एकनाथ मासेमार आपल्या ओट्याचा उतारा घ्यायला आला होता. त्याला उतारा मिळाला नाही, पण माझी फाइल टेबलावरून टेबलावर जाताना त्याच्या कानावर पडली.

“नायलॉन हाय ना, भाऊसायब?” तो म्हणाला. “मंग शिंप्याचं काय काम? आता आमची जाली बी नायलॉनची. सुताची होती तवा दर सालाला कुजायची. मी सांदून देतो. घोल मासा लागला तरी सुटनार नाय.”

घोल हा मासा माणसाच्या मुलाएवढा होतो. मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी एकनाथने विजार आणून दिली. दोन्ही गुडघ्यांवर त्याने बारीक दोऱ्याने, जाळं विणायच्या सुईने, गाठीवर गाठ मारून ठिगळ विणलं होतं. ओढलं, ताणलं, मी एक टोक आणि एकनाथने दुसरं धरून रस्सीखेच केली. दोरा हलला नाही. घरी आणली तर रत्नाबाईंनी कुडावरून हात पुढे करून एका ठिगळात बोट घातलं आणि ते पलीकडून बाहेर काढलं.

“हे हो काय? पाय दिसणार की!”

सवयीप्रमाणे एकनाथने मासळीच्या मापाची भोकं ठेवली होती. आता प्रश्न कायद्याचा झाला. जाळ्याआडचा पाय झाकलेला समजावा काय? अट मी घातली होती, अर्थही मीच लावायचा, पण निःपक्षपातीपणा म्हणून मी नाव न घेता कचेरीत मत विचारलं. मतं फुटली. रेकॉर्डकीपर म्हणाला, जाळीच्या खिडकीत बसलेला माणूस घरातच असतो, बाहेर नाही. दुसरा कारकून म्हणाला, पण तो दिसतो. दीड तास चर्चा झाली, त्यात मतदारयादीचं एक पान राहून गेलं. शेवटी मी विजार एकनाथला परत दिली. तो हसला नाही. “बोंबील तरी निसटत व्हता, आता पानी बी जानार नाय,” म्हणत त्याने भोकं बुजवून ती दुसऱ्यांदा विणली आणि निवडीच्या दिवशी बायकोमुलांना घेऊन सामना बघायला येतो असं सांगून गेला. तो स्वतःच्या कामाचा सामना बघायला येणार होता, हे उघड होतं.

बावीस तारखेला मैदानावर एवढी गर्दी होती की मी चकित झालो. मुलींचा खो-खो बघायला इतके लोक येतात, हे मला ठाऊक नव्हतं. नंतर लक्षात आलं, यातले निम्मे आमच्या फाइलचे वाचक होते. एका बाजूला कनातीजवळ टेबल मांडून निवड करणारे तिघे बसले होते. मामलेदारसाहेबही निवडणुकीच्या कामातून दहा मिनिटं काढून आले. ही आणि रत्नाबाई पुढे सतरंजी टाकून बसल्या. आत्माराम होता. एकनाथ होता, सहकुटुंब. मी मागे उभा होतो, पँट नीट, इस्त्रीची. पँटच्या आत काय होतं ते वाचकांना ठाऊक आहे. हवा गार होती.

पहिल्या डावात नलूची तुकडी पाठलाग करत होती. माझी मुलगी मी कधी खेळताना पाहिली नव्हती. जखमा पाहिल्या होत्या, पण जखमेवरून खेळ कळतो हा माझा समज त्या पाच मिनिटांत गेला. ती बसलेली असताना वाऱ्यावरचं पान वाटावं अशी थरथरत होती, आणि खो मिळाला की ती तिथे नसायचीच. शेवटच्या मिनिटाला समोरची मुलगी खांबाला वळसा घेऊन सुटणार, तोच नलूने सरळ आडवी झेप घेतली. खांब, मुलगी, धूळ सगळं एकत्र. मुलगी बाद झाली. टाळ्या पडल्या. आणि नलू उठली.

दोन्ही गुडघे शाबूत होते. एकनाथची ठिगळं होती तिथे होती, एक गाठ हलली नव्हती. त्यांच्या भोवतालचं सगळं कापड मात्र फाटून वर मांडीपर्यंत आणि खाली घोट्यापर्यंत गेलं होतं.

“बघा भाऊसायब!” एकनाथ गर्दीतून ओरडला. “जालं सुटलं नाय! कापडच हलकं!”

दोन डावांमधे मोजकी मिनिटं होती. वत्सलाबाई धावतच माझ्याकडे आल्या. त्यांच्या पिशवीत माझं संमतिपत्र होतं. “भाऊसाहेब, आता ही पळणार. निवडणारे पळणंच बघतात, पाठलाग कुणीही करतं. चड्डी अंगावर आहे. फक्त तुम्ही हो म्हणा.”

नलू मागोमाग आली. धुळीने भरलेलं तोंड, फाटलेली विजार, आणि माझ्याकडे पाहणं. धूळ झटकायला तिने ठिगळं वर सारली, तेव्हा मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. दोन आठवड्यांत तिथे नवी जखम नव्हती, जुन्याही सुकून पांढऱ्या झाल्या होत्या. हे मी घरी पाहिलं नव्हतं. घरी मी विजारच पाहत होतो.

मी अटी घालतो, मागे घेत नाही. कचेरीत माझी तीच कीर्ती आहे. पण माझ्या मुलीचं वर्ष माझ्या अक्षरातल्या एका ओळीवर अडलं होतं, आणि ती ओळ मी चहा पिता पिता, नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून लिहिली होती. मला लाज वाटली. मी घसा साफ केला आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “अट मागे घेतली. नलू, जा. खेळ तशीच.”

बावीस वर्षांत मी इतकं मोठं काही केलं नव्हतं. मला वाटलं, हिच्या डोळ्यात पाणी येईल. निदान बाई तरी काही बोलतील.

“अट राहू द्या, बाबा,” नलू म्हणाली. “विजार द्या.”

“कसली विजार?”

“तुमच्या अंगात आहे ती.”

कचेरीतले सगळे एकदम पुढे सरकले. मी हिच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” ही म्हणाली. “धुणं कोण धुतं? चाचणी संपून पाच दिवस झाले.”

“बाबा, खरंच द्या,” नलू घाईने सांगू लागली. “मला पाय दिसण्याचं काही नाही. पण ती असली की पडायची भीती वाटत नाही. आधी मी खांबावर झेपच घ्यायची नाही, कुणाला सांगितलं नव्हतं. विजारीमुळे घ्यायला लागले.”

म्हणजे मी अट सोडली होती, ते कुणाला हवंच नव्हतं. आणि हवं होतं ते सोडायचं तर पँट आधी सोडायला लागणार होती.

ही आणि रत्नाबाई यांनी सतरंजी उचलून कनातीच्या कोपऱ्याशी आडवी धरली. रत्नाबाईंनी तोंड फिरवलं होतं, पण सूचना चालू होत्या. “बसून काढा. उभ्याने पडाल. डावा आधी.” मी डावा आधी काढला. त्याच वेळी मामलेदारसाहेब कचेरीत परत जायला निघाले, ते बरोब्बर त्या कोपऱ्यावरून. सतरंजीच्या वर माझं डोकं त्यांना दिसलं, आणि हातातली काळी विजारही. ते थांबले.

“काय भाऊसाहेब, चाचणी पूर्ण झाली?”

“झाली, साहेब.”

“निष्कर्ष?”

“समाधानकारक, साहेब.”

साहेबांनी मान हलवली आणि गेले. मला आजही वाटतं की तो आदेशच होता.

नलू त्याच सतरंजीआड गेली आणि बाहेर आली तेव्हा मांडीपासून घोट्यापर्यंत विजारीला एक सुरकुती नव्हती. “माप!” आत्माराम गर्दीकडे वळून ओरडला. “ह्याला म्हंतात माप!”

मग ती पळाली. तिच्याबरोबरच्या दोन्ही मुली बाद झाल्या, आणि ती आपली पळतच होती, खांबापासून खांबापर्यंत, बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी, कुणाचा हात पाठीला लागतोय म्हणेपर्यंत खाली वाकून भलतीकडेच. सगळं मैदान तिच्या पायांकडे बघत होतं आणि घोट्याच्या वरचा पाय एकालाही दिसत नव्हता. मला अभिमान वाटला. हे सरळ लिहितो, कारण त्या दिवशी झाकून ठेवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. पँटमध्ये वारा शिरून माझे पाय गारठले होते, उजवा गुडघा पुन्हा दुखायला लागला होता, आणि मी लहान मुलासारखा ओरडत होतो. शिट्टी झाली तेव्हा ती मैदानातच होती.

संघात तिचं नाव तिसरं होतं. विजार मला परत मिळाली नाही. मी मागितलीही नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी पोलक्याचं कापड द्यायला आत्मारामकडे गेलो होतो. मुंबईहून ताणाचं कापड त्याच्याकडे तोवर येऊ लागलं होतं आणि खिळ्यावर काळ्या विजारी लटकत होत्या. फळीवर उमरोळीचे एक हेडमास्तर उभे होते, पँट मांडीपर्यंत गुंडाळून. खाली त्यांची मुलगी उभी होती, लाजून रस्त्याकडे बघत. हेडमास्तरांचे पाय बुटके होते, मुलगी उंच. आत्मारामने टेप गळ्यात टाकली आणि वही उघडली.

“तुमचं माप कामाचं नाय, मास्तर. उतरा. भाऊसाहेबांचं घालतो. निम्म्या तालुक्याच्या पोरी ह्याच मापावर खेळतात.” आणि त्याने बोट दाखवलं. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात ‘भाऊसाहेब’ लिहिलं होतं, खाली मांडी, गुडघा, पोटरी, आणि पुढे ओळीने चौदा मुलींची नावं.

हेडमास्तरांनी उतरून पँट खाली सोडली, माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “काय आहे, मी संमती दिली आहे, पण एक अट घातली आहे.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. वयाने माझ्याएवढेच होते. पावसाळी हवेने दुखणारा एक गुडघा तेही सारखा चोळत होते.

“घातलीत ना?” मी म्हटलं. “मग दोन जोड शिवून घ्या.”